मालिका संपली, आणि मग?

दोस्तांनो,

परवा रात्री साडेअकरा वाजता आमच्या घरात दोन माणसं रडत बसली होती. एक माझी भाची, यंदा दहावीत गेलेली. दुसरी मी! कूलरचा आवाज एवढा मोठा होता, की आमचं मुसमुसणं कुणाला ऐकू जाणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. पण आईचे कान तिखट. तिनं आतून हाक मारलीच, "काय झालं वं? काहून रडून राहिल्या दोघी? कोणी गेलं काय?"

कोणी गेलं नव्हतं. मालिका संपली होती.

हसू नका! तुमच्यापैकी निम्म्या जणांना हे ठाऊक आहे, आणि उरलेल्या निम्म्यांच्या ताईला किंवा मावशीला ठाऊक असणार. कोरियन मालिकांचं हे वेड काही आजचं नाही. २००६ साली आपल्या दूरदर्शननंसुद्धा 'एम्परर ऑफ द सी' नावाची कोरियन मालिका हिंदीत दाखवली होती. पण खरी लाट आली ती २०२० च्या टाळेबंदीत. त्या वर्षी भारतात कोरियन मालिका पाहण्याचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा ३७० टक्क्यांहून जास्त वाढलं, असं नेटफ्लिक्सनंच जाहीर केलं होतं. ती लाट मुंबई-पुण्याहून फिरत फिरत आमच्या वर्ध्याला पोचली, आणि या उन्हाळ्याच्या सुट्टीत थेट आमच्या बैठकीच्या खोलीत शिरली.

खरं सांगायचं तर मी ही मालिका पाहायला बसले ती भाचीला रागवण्यासाठी. पोरगी दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसते, जेवायला दहा हाका माराव्या लागतात, म्हणून म्हटलं, एक भाग पाहू आणि मग कसं टाकाऊ आहे ते मुद्देसूद सांगू. एकाचे दोन झाले. दोनाचे सोळा झाले. चौथ्या भागापासून तर मीच तिला हाक मारू लागले, "ये लवकर, भाजी मी उद्या निवडते!"

मालिकेचं नाव 'क्रॅश लँडिंग ऑन यू'. तिचं मूळ कोरियन नाव मराठीत सांगायचं तर 'प्रेमाचं अवचित उतरणं' असं काहीतरी होईल. डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात दक्षिण कोरियात ती पहिल्यांदा दाखवली गेली. लेखिका पार्क जी-उन. सोन ये-जिन आणि ह्यून बिन ही प्रमुख जोडी. सोळा भाग, प्रत्येक भाग तासाहून मोठा, आणि शेवटचा तर चांगला सिनेमाएवढा.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. (शेवटही सांगणार आहे. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी हे पान घडी घालून ठेवावं आणि सोळा भागांनंतर उघडावं!)

युन से-री ही दक्षिण कोरियातल्या एका गडगंज घराण्यातली मुलगी. एक दिवस ती पॅराग्लायडिंग करत असताना वावटळीत सापडते आणि उडत उडत सीमेपलीकडे, उत्तर कोरियाच्या हद्दीत, एका झाडावर जाऊन अडकते. तिथं पहाऱ्यावर असतो कॅप्टन री जंग-ह्योक. आता हे दोन देश म्हणजे एकमेकांचे वैरी. इकडची व्यक्ती तिकडे सापडली की तिची खैर नाही. हा कॅप्टन तिला पकडून देण्याऐवजी आपल्या गावात, आपल्या घरात लपवतो, आणि तिला परत घरी पोचवायची खटपट करू लागतो. त्याच्या हाताखालचे चार शिपाईही यात सामील होतात. पुढे काय होणार ते तुम्ही ओळखलंच असेल. दोघांचं प्रेम जमतं. पण मध्ये सीमा आहे.

या चार शिपायांतला एक आम्हाला फारच आवडला. दक्षिणेतल्या मालिकांचं त्याला भयंकर वेड! त्याच्या देशात त्या पाहायला बंदी, म्हणून तो त्या चोरून पाहतो. से-रीचं बोलणं-वागणं बाकीच्यांना उमगलं नाही, की तो मालिकांच्या आधारे त्याचा अर्थ लावून सांगतो. भाची म्हणाली, "मावशी, हा तर मीच आहे!"

आणि मला काय आवडलं, सांगू? मला आवडल्या त्या गावातल्या बाया. एकमेकींच्या घरात डोकावणाऱ्या, कुचकुच करणाऱ्या, पण वेळ आली की पदर खोचून धावून येणाऱ्या. हिवाळ्याआधी सगळ्या मिळून ढीगभर कोबी धुतात, त्याला मीठ-मिरची चोळतात आणि वर्षाचं किमची घालतात. ते पाहताना मला आमच्या गच्चीवरचा एप्रिल आठवला. सकाळी सहाला उठून कुरड्यांचा चीक घोटायचा, ऊन चढायच्या आत सगळं साडीवर घालून मोकळं व्हायचं, आणि मग दिवसभर पोरांनी कावळे हाकलायचे. तिकडचं किमची मातीच्या मडक्यात, आमच्या मुगवड्या डब्यात. बाकी गप्पा त्याच! मालिकेत वीज जाते आणि सगळं गाव अंधारात बुडतं, तेव्हा तर आम्ही दोघी टाळ्या देऊन हसलो. भारनियमन सोसलेल्या माणसाला ते काही परकं वाटत नाही.

एके ठिकाणी से-री सांगते, की चुकीची गाडीसुद्धा कधी कधी माणसाला बरोबर ठिकाणी पोचवते, अशी भारतात म्हण आहे. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ही म्हण आमच्याकडे कुणाच्या आजीनं कधी सांगितलेली नाही. २०१३ च्या 'द लंचबॉक्स' या हिंदी चित्रपटात मात्र हे वाक्य आहे. शिवाय आमच्या गावाचा अनुभव वेगळा आहे. इथे वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन जंक्शनं आहेत. नागपूरला जायचं म्हणून चुकीच्या गाडीत चढलात तर ती तुम्हाला मुकाट्यानं हिंगणघाटला नेऊन सोडते. तिथं तुमच्यासाठी कुणी कॅप्टन उभा नसतो. तिकीट तपासनीस असतो!

असो. तर सोळावा भाग संपला. शेवटी असं होतं, की दोघांना आपापल्या देशात परतावं लागतं. पण दोघेही तिसऱ्या देशात, स्वित्झर्लंडमध्ये, भेटायचं ठरवतात, आणि दर वर्षी दोन आठवडे तिथल्या डोंगरातल्या एका घरात एकत्र राहतात. हिरवं कुरण, निळं आकाश, आणि समाप्त.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात सुतकी शांतता. भाची पोह्यांकडे नुसतं पाहत बसली. तर्रीसुद्धा घेतली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. दुपारी मी तिच्यासाठी मुद्दाम गोरसपाक आणला. एरवी एका बैठकीत अर्धा पुडा संपवणारी पोरगी म्हणते, "नको. मला आता काही पाहावंसं वाटत नाही, काही खावंसं वाटत नाही. ते सगळे कुठे गेले गं मावशी?"

दोस्तांनो, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आईबाबांनो, तुम्हीही नका नेऊ. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी नेमक्या याच गोष्टीवर एक लेख लिहिला होता. त्या वेळी तिकडे टीव्ही घराघरात नुकताच पोचत होता. पडद्यावरचं माणूस आपल्याला रोज भेटतं, आपल्या समोर बसून बोलतं, म्हणून हळूहळू ते आपल्याला ओळखीचं, जवळचं वाटू लागतं. पण ही ओळख एकतर्फी असते. आपण त्याला ओळखतो, त्याला आपला पत्ताही नसतो. तरी त्या ओळखीतून उठणारी आपली भावना काही खोटी नसते. महिनाभर रोज घरी येणारा पाहुणा एकदम येईनासा झाला, तर घर रिकामं वाटणारच. १९८८ साली दूरदर्शनवरची 'रामायण' मालिका संपली, तेव्हा कितीतरी घरांतली रविवार सकाळ अशीच सुनी झाली होती. तुमच्या आजीला विचारून पाहा.

म्हणून मी भाचीला म्हटलं, "दोन दिवस वाईट वाटू दे. तिसऱ्या दिवशी आपोआप भूक लागेल." झालंही तसंच. तिसऱ्या दिवशी गोरसपाकाचा पुडा रिकामा दिसला!

पण तोवर माझ्या मनात दुसरंच काही सुरू झालं होतं. रडू ओसरलं की डोकं चालू लागतं, तसं. मी एकेक खुसपट काढू लागले. योगायोग किती असावेत? से-री आणि कॅप्टन म्हणे काही वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमध्येच एकमेकांच्या जवळून गेले होते. त्यानं तळ्याकाठी वाजवलेला पियानो तिनं ऐकलेला होता! गोळी लागावी, माणूस वाचावा, पुन्हा दुसऱ्याला लागावी, असं किती वेळा? शिवाय हे उत्तरेतलं गाव किती गोंडस! दारिद्र्य आहे, पण गमतीचं. भीती आहे, पण पार्श्वसंगीतासह. मुळात ते गाव उत्तर कोरियातलं नाहीच. तिथं जाऊन चित्रण करणं शक्यच नव्हतं. रेल्वेचे प्रसंग तर मंगोलियात चित्रित केले आहेत.

हे सगळं मी भाचीला ऐकवलं. तिचा चेहरा पडला. मग एकदम तिचा आवाज चढला, "म्हणजे तुला आवडलीच नव्हती ना! मग रडत कशाला होतीस? नाटक करत होतीस?"

मला उत्तर सुचेना. कारण मला मालिका आवडली होती. अगदी मनापासून. आणि खुपतही होती. तीही मनापासून. दोन्ही एकाच वेळी कसं काय?

आमच्या शेजारी एक सिंधी आजोबा राहतात. वय नव्वदीकडे झुकलेलं. संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसतात. आमचं भांडण त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "बेटा, झगडा कशाचा?" भाचीनं त्यांना सगळी गोष्ट सांगितली. दोन देश, मधली सीमा, शिपाई, झाडावर अडकलेली मुलगी. शेवट सांगताना ती पुन्हा हळवी झाली. "दादाजी, किती वाईट ना? वर्षातून फक्त दोन आठवडे!"

आजोबा काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "दोन आठवडे? दर वर्षी? बेटा, हे तर खूप झालं."

ते सिंधमधल्या सक्खरचे. फाळणी झाली तेव्हा दहा वर्षांचे होते. कराचीहून बोटीनं मुंबई, तिथून कल्याणच्या छावणीत (तिचंच पुढे उल्हासनगर झालं), आणि मग वडिलांच्या कापडाच्या धंद्यापायी वर्ध्यात. सक्खरच्या त्यांच्या गल्लीत समोरच्या घरात त्यांचा एक मित्र होता. निघायच्या दिवशी आजोबांनी आपला भोवरा त्याच्याकडे सांभाळायला दिला. "सांगितलं होतं, दिवाळीला येतो परत," ते म्हणाले. "पत्ता नव्हता. चिठ्ठी नाही. तो आहे, नाही, काही माहीत नाही."

भाची गप्प. मीही गप्प. कूलरही नेमका तेव्हाच बंद पडला होता.

त्या रात्री मला कळलं, की मला मालिकेत काय खुपत होतं. योगायोग नाही, गोळ्या नाहीत. खुपत होता तो गोड शेवट. कारण ती सीमा कुणी लेखिकेनं रचलेली नाही. ती खरी आहे. दोस्तांनो, तिची गोष्ट आता सांगते, कारण ती मालिकेइतकीच थरारक आहे आणि तिच्यात आपली माणसंही आहेत.

कोरिया हा एकच देश होता. १९१० पासून त्याच्यावर जपानचं राज्य होतं. १९४५ साली महायुद्धात जपान हरला, तेव्हा उत्तरेकडून रशियाचं आणि दक्षिणेकडून अमेरिकेचं सैन्य आलं, आणि ३८ व्या अक्षांशावर देशाचे दोन तुकडे पडले. २५ जून १९५० ला दोघांत युद्ध पेटलं. ते २७ जुलै १९५३ ला थांबलं. थांबलं म्हणजे फक्त बंदुका थांबल्या. शांततेचा तह आजपर्यंत झालेला नाही! दोघांच्या मध्ये सुमारे २५० किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद असा एक पट्टा मोकळा सोडलेला आहे. चार किलोमीटर म्हणजे किती? आमच्या वर्ध्याहून सेवाग्राम जेवढं लांब आहे, त्याच्या निम्मं. सायकलनं वीस मिनिटांत पार व्हावं एवढंच. पण गेल्या सत्तर वर्षांत लाखो माणसांना ते पार करता आलेलं नाही.

युद्ध थांबलं तेव्हा एक मोठा पेच होता. दक्षिणेकडच्या बाजूनं पकडलेल्या उत्तर कोरियन आणि चिनी कैद्यांपैकी बावीस हजारांहून जास्त जण म्हणत होते, आम्हाला परत जायचं नाही. खरंच जायचं नाही, की कुणी त्यांना धाक घातला आहे? हे कोण तपासणार? दोन्ही बाजूंना चालेल असा एक देश निवडला गेला. तो देश म्हणजे भारत! तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात. आपले मराठी, कोल्हापूरकडचे.

आता गंमत ऐका. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके चिडलेले होते, की भारतीय सैनिकांनी आमच्या जमिनीवर पाऊलही ठेवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मग काय करायचं? बोटीवरून अमेरिकी हेलिकॉप्टरांत बसवून आपल्या सैनिकांना थेट त्या मधल्या पट्ट्यात उतरवण्यात आलं. म्हणजे से-री आकाशातून उतरायच्या सहासष्ट वर्षं आधी आपले जवान तिथं आकाशातूनच उतरले होते! त्यांच्या तळाचं नाव होतं 'हिंद नगर'. एकदा खवळलेल्या कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या तळात ओढून नेलं. तेव्हा थोरात स्वतः आत शिरले आणि त्या प्रसंगी गोळी न झाडता आपल्या अधिकाऱ्याला सोडवून आणलं. पुढे फेब्रुवारी १९५४ मध्ये आपलं सैन्य परत निघालं, तेव्हा ८८ कैदी उत्तरेतही गेले नाहीत नि दक्षिणेतही राहिले नाहीत. ते भारतात आले. घर मागे सोडून.

आणि ज्यांची घरं दोन्हीकडे वाटली गेली त्यांचं काय झालं? २००० ते २०१८ या काळात दोन्ही सरकारांनी मिळून अशा कुटुंबांच्या समोरासमोर भेटी घडवून आणल्या. किती? फक्त २१ वेळा. दक्षिणेत नाव नोंदवलेले लोक एक लाख तीस हजारांहून जास्त, त्यामुळे चिठ्ठ्या टाकून निवड व्हायची. नंबर लागला तर तीन दिवसांत मिळून काही तास भेटायचं. आई ऐंशी-नव्वदीची, मुलगा सत्तरीचा. मग बसच्या काचेला हात लावून निरोप. दुसऱ्या वेळची भेट नाहीच. २०१८ नंतर अशी एकही भेट झालेली नाही, आणि नाव नोंदवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक आता हयात नाहीत. आमच्या सिंधी आजोबांचं बोलणं आता तुमच्या लक्षात आलं ना?

आणखी एक जोडपं सांगते. हे मालिकेतलं नाही, खरं आहे, आणि त्यांच्या गोष्टीचा धागा आमच्या वर्धा जिल्ह्याशी जुळतो. चो मान-सिक हे १८८३ साली जन्मलेले उत्तरेकडच्या प्याँगयांग भागातले शिक्षक. जपानमध्ये शिकत असताना त्यांना गांधीजींचे विचार भेटले. १९२० साली त्यांनी प्याँगयांगमध्ये देशी वस्तू वापरण्याची चळवळ उभारली. स्वतः देशी सुती कापड घालायचे. लोक त्यांना 'कोरियाचे गांधी' म्हणू लागले. गांधीजी पुढे १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, १९३८ मध्ये वर्ध्यात ग्रामोद्योगांसाठी मगन संग्रहालय सुरू झालं. तो सगळा विचार तिकडे हजारो मैलांवर एक माणूस आपल्या परीनं जगत होता!

देशाचे तुकडे पडले तेव्हा चो मान-सिक उत्तरेत होते. नव्या सत्ताधाऱ्यांशी त्यांचं पटलं नाही आणि जानेवारी १९४६ मध्ये त्यांना नजरकैदेत टाकलं गेलं. दक्षिणेत निघून जा, असं लोकांनी सुचवलं. पण उत्तरेतल्या माणसांना सोडून ते गेले नाहीत. पत्नीला आणि मुलांना मात्र जायला सांगितलं. निरोपाच्या वेळी त्यांनी पत्नीजवळ एक पाकीट दिलं. त्यात त्यांचे स्वतःचे केस होते. युद्धाच्या धामधुमीत १९५० च्या सुमारास त्यांना मारलं गेलं, असं मानतात. पत्नीनं ते पाकीट चाळीसहून जास्त वर्षं जपलं. १९९१ साली सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांची समाधी झाली. देह नव्हताच. केस पुरले.

हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आपण खोट्या दुःखासाठी रडलो का मावशी?"

नाही गं पोरी! तेच तर सांगायचंय. मालिका नसती तर आपण या सीमेचा विचार केला असता का? इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ असते, तीही आपण परीक्षेपुरती पाठ करतो. मालिकेनं त्या ओळीला चेहरा दिला. चेहरा आवडला म्हणून आपण रडलो. यात लाज कसली? फक्त तिथंच थांबलो असतो तर चूक झाली असती. स्वित्झर्लंडच्या त्या तळ्याकाठी आजही जगभरचे चाहते जातात. इझेल्टवाल्ड नावाचं ते चिमुकलं गाव. जिथं कॅप्टननं पियानो वाजवला, त्या धक्क्यावर फोटो काढायला एवढी झुंबड उडू लागली, की २०२३ साली गावानं तिथं पाच फ्रँकचं तिकीट बसवलं! फोटो काढा की. पण ज्या सीमेमुळे त्या दोघांना एवढ्या लांब यावं लागलं, तिच्याकडेही एकदा वळून पाहा.

एक गोष्ट आवडते, म्हणून तिच्यातलं खुपणारं बोलायचंच नाही, असा नियम नाही. आणि खुपलं म्हणजे आवड खोटी, असंही नाही. आपल्या आईच्या हातची भाजी आपल्याला जगात सर्वांत जास्त आवडते, तरी "आज मीठ जास्त झालं" असं आपण म्हणतोच की! जे आपलं असतं त्याच्याबद्दलच माणूस दोन्ही बोलतो.

आणि एवढंही विसरायला नको, की आपण जे गादीवर लोळत पाहतो, त्यासाठी कुणाला तरी मोठी किंमत मोजावी लागते. मालिकेतला तो वेडा शिपाई आठवा. खऱ्या उत्तर कोरियात डिसेंबर २०२० मध्ये एक कायदा झाला. दक्षिणेकडच्या मालिका पाहताना सापडलं तर पंधरा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि त्या इतरांना वाटल्या तर त्याहून भयंकर शिक्षा. भाचीच्याच वयाची मुलं तिथंही असतील. त्यांनाही शेवट काय झाला ते जाणून घ्यायचं असेल.

जाता जाता दोन बऱ्या बातम्या. पहिली तुम्हाला ठाऊक असेल. पडद्यावरच्या या जोडीनं ३१ मार्च २०२२ ला खरोखरच लग्न केलं. चाहत्यांनी दिवाळीच साजरी केली! दुसरी बातमी कमी जणांना ठाऊक आहे. किमची घालण्याची परंपरा युनेस्कोच्या वारसा यादीत दोनदा आहे. २०१३ साली दक्षिण कोरियाच्या नावानं, २०१५ साली उत्तर कोरियाच्या नावानं. एकच लोणचं, पण मधल्या सीमेमुळे दोन नोंदी. मात्र २०१८ साली त्यांची पारंपरिक कुस्ती, 'स्सिरुम', दोन्ही देशांच्या नावानं एकत्र नोंदवली गेली. आखाड्यात का होईना, दोघं एकत्र आले!

आता आमच्या घरचं ऐका. भाचीनं पुढची मालिका अजून सुरू केलेली नाही. (शाळा सुरू झाली की करीन म्हणते. देवा!) सध्या ती रोज संध्याकाळी वही घेऊन ओसरीवर आजोबांपाशी बसते. दोघं मिळून सक्खरच्या त्या गल्लीचा नकाशा काढताहेत. सिंधू नदी कुठल्या बाजूला, विहीर कुठे, मिठाईचं दुकान कुठे, शाळेचा रस्ता कसा वळतो. आजोबा सांगतात, ती काढते. चुकलं की रबर. काल रात्री पाहिलं तर नकाशात फक्त एकच जागा रिकामी होती. मित्राच्या घराचं दार नेमकं कुठल्या बाजूला उघडायचं, ते आजोबांना आठवत नाहीये. "उद्या आठवेल," ते म्हणाले आणि काठी टेकत घरी गेले.

तुमच्या घरात, शेजारात, वाड्यात असं कुणी आहे का, ज्यांचं गाव मागे राहून गेलं? सीमेपलीकडे, धरणाखाली, नाहीतर नुसतंच लांब? यंदाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. आधी तुम्ही तुमच्या मालिकेची गोष्ट सांगा. मग त्यांना त्यांची विचारा. आणि काय ऐकलंत ते मला पत्रानं नक्की कळवा.

आणि हो, एखादी चांगली मालिका पाहिली असेल तर तिचंही नाव लिहा. आई-बाबांना विचारून पाहिलेलीच हं! आमच्याकडे भाजी निवडायची पाळी परत माझ्यावर आली आहे.

तुमचीच,
मावशी